आधी संडास दाखवा

एक धडधडीत चालू असलेला टॉवेलचा कारखाना मी मेल्यात जमा केला. तेही मालकाला न सांगता. मालकाच्या मेहुण्याला बाहेर व्हरांड्यात घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणालो, "तयारी ठेवा."

यात दोष माझा एकट्याचा नाही, थोडा एमबीबीएसचाही आहे. आपल्याकडे डॉक्टर वाईट बातमी पेशंटला सांगत नाहीत. नातेवाइकाला बाजूला घेतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात आणि मग बोलतात. मला चष्मा नव्हता, म्हणून मी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं. बाकी सगळं वॉर्डातल्या शिस्तीत पार पडलं. फक्त तो वॉर्ड नव्हता आणि पेशंटचा मालक आत केबिनमध्ये मजेत शेंगा सोलत बसला होता.

पुढं काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी सर सांगायला हवेत. सरांशिवाय ही गोष्ट म्हणजे नुसता माझा मूर्खपणा, आणि तेवढ्यासाठी कुणी दोन पानं वाचत नाही.

सरांचं नाव लिहीत नाही. नाव कुठं छापून आलं की लोक ताप घेऊन दारात येतात, अशी त्यांची जुनी तक्रार होती. सोलापुरात कामगार वस्तीत त्यांचा दवाखाना होता आणि तो उत्तम चालायचा. तो त्यांनी स्वतःच बुडवला. झालं असं की, एका कारखान्याचे कामगार रांगेनं खोकला घेऊन यायचे. सर औषध द्यायचे, खोकला जायचा, पंधरवड्यानं तोच खोकला त्याच माणसाला घेऊन परत हजर. एके दिवशी सरांनी दवाखाना अर्ध्यावर सोडला, पायात चपला अडकवल्या आणि थेट त्या कारखान्यात गेले. हवेत कापसाचं तूस नुसतं तरंगत होतं आणि वरच्या खिडक्या खिळे ठोकून बंद. सरांनी मालकाच्या उरावर बसून खिडक्या उघडायला लावल्या, पंखे बसवायला लावले. खोकला गेला. त्याच्याबरोबर रांगही गेली. मग दुसऱ्या कारखान्यात जाऊन टेबलं उंच करायला लावली, तर कंबरदुखीचे पेशंट गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "लोक दवाखान्याला कुलूप लावतात ते गावाला जाताना. आमच्याकडं पेशंट बरे झाले म्हणून लागलं."

शेवटी सरांनी पाटीच बदलली. बदलली म्हणजे काय, जुन्या पाटीवर 'जनरल प्रॅक्टिस' होतं, त्याच्याखाली खडूनं 'कारखान्यांची' असं लिहिलं. पावसाळ्यात ते पुसलं जायचं आणि मग तेवढे चार महिने लोक ताप घेऊन यायचे. सर त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं पाठवायचे, पण जीभ बघितल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत.

माझीही त्यांनी मुलाखतीत जीभच बघितली. मी डॉक्टर झालो होतो, पण पेशंटची नाडी धरली की पेशंटपेक्षा माझीच जास्त पळायची. म्हणून वैद्यकी सोडून पुण्यात मॅनेजमेंट शिकलो. तिथं बाण आणि चौकोन काढायला शिकलो, एक कोट शिवला. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांनी कोट बघितला, मला नाही. तेव्हा कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. मी फाइल पुढं केली तर म्हणाले, "ती ठेव. जीभ काढ." काढली. "पाणी कमी पितोस. उद्यापासून ये. बूट घालून येऊ नको, कारखान्यात पाय जमिनीला कळले पाहिजेत."

मी बूट घालूनच जात राहिलो. ते नवे होते.

आमच्या वडिलांना हे सगळं समजावताना मात्र माझी जीभ खरंच बाहेर आली. वडील मोहोळजवळच्या खेड्यात असतात. पोरगा डॉक्टर झाला म्हणून त्यांनी गावजेवण घातलं होतं. मी म्हणालो, "आबा, मी आता कारखानदारांना सल्ला देणार."

"आन् त्ये पैसं देनार?"

"हो."

"आरं, सल्ला तर हितं पारावर फुकाट मिळतोय. वर तंबाकू बी देत्यात."

गावात मात्र त्यांनी मोठ्या हुशारीनं बाजू सांभाळली. पोरगा आता माणसांचा न्हाई, कारखान्याचा डॉक्टर हाय, असं सांगितलं. लोकांना वाटलं बढती मिळाली. पण स्वतः आबांची खात्री पटेना. "एकदा येऊन तुजं हाफिस बघतो की," असा त्यांचा लकडा सुरू झाला आणि मी तो काही ना काही काढून टाळत राहिलो. कारण हाफिस म्हणजे सरांच्या जुन्या दवाखान्यातला तपासणीचा बाक होता. त्याच्या एका टोकाला मी बसायचो आणि दुसऱ्या टोकाला काकूंची वाळवणं असायची.

सर कारखान्यात शिरले की हस्तांदोलन करायचे नाहीत. मालकानं पुढं केलेला हात उलटा करून नाडीच धरायचे. मालक सुरू व्हायचे: सरकार असं, कामगार तसे, सुताचे भाव गगनाला. सर घड्याळाकडं बघत म्हणायचे, "बोला, बोला. कामगारांचं बोलताना वाढतेय, एवढंच." मग पुढचं वाक्य ठरलेलं. "आधी संडास दाखवा."

मालक हौसेनं केबिनला लागून असलेला दाखवायचे. फरशी, आरसा, वासाची वडी.

"हा तुमचा. कारखान्याचा दाखवा."

इथं मालकांचा चेहरा पडायचा आणि मी फोन काढून त्यात डोकं घालायचो. सर मात्र शांतपणे कडी, नळ, बादली सगळं तपासायचे. त्यांचं म्हणणं असं, की पेशंट काय खातो ते तो सांगेल तसं असतं, शरीरातनं काय बाहेर पडतं त्यात लबाडी चालत नाही. "ऑफिस सजवता येतं रे. संडास कोण सजवतंय?"

गळ्यात स्टेथोस्कोप कायम. तो यंत्रमागाला लावून डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "सर, काय ऐकू येतं?"

"काही नाही. पण मी ऐकत असतो तोवर मालक बोलत नाही. तेवढ्यात मी विचार करून घेतो."

त्यांचा अहवाल म्हणजे जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर तीन ओळी. 'मालकांनी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, कारखान्यात हिंडावे. ओरडू नये. महिन्याने दाखवणे.' एक मालक तो कागद घेऊन औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराला अक्षर लागलं नाही, त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिन्यानं मालक सांगत आला, फरक आहे.

आणि मी पन्नास-पन्नास पानांची सादरीकरणं करायचो, रंगीत. सर शेवटपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "एक्स-रे झकास आलाय. पेशंट कुठाय?"

तर आता तो टॉवेलचा कारखाना.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं घरी पडून राहायला सांगितलं म्हणून मी पहिल्यांदाच एकटा गेलो, कोट घालून. कारखाना एका तेलुगू विणकर घराण्यातला. मालक तिसऱ्या पिढीतले, गोड स्वभावाचे. हॉटेलांना टॉवेल पुरवणारा एक मोठा व्यापारी त्यांचा माल घ्यायचा आणि आता तोच माल परत येऊ लागला होता. शिलाई वाकडी, दोरे लोंबतायत. त्यानं शेवटचं सांगितलं होतं, की आणखी एक खेप बघतो, तीही परत गेली तर आपला राम राम. तो गेला असता तर माग थांबले असते आणि शिलाई विभागातल्या सगळ्या बाया घरी बसल्या असत्या.

मी केबिनमध्ये एसीखाली लॅपटॉप उघडला. मोठा शोध लावला, की सकाळची शिलाई सरळ असते आणि दुपारनंतर बिघडते. आलेख काढला. दुपारी रेघ अशी धाडकन खाली. निदान सोपं होतं: कामात मन नाही. तरी रीत म्हणून शिलाईच्या बायांना विचारायला गेलो. "तुम्हाला कामात काही अडचण?" त्यांनी एकमेकींकडं बघितलं, तेलुगूत काहीतरी बोलल्या, एक पदर तोंडाला लावून हसली. त्यांच्यात वडीलधारी एक अक्का होती, ती म्हणाली, "काय न्हाई की सायेब. समदं बेस हाय."

मी टिपून घेतलं: कर्मचारी समाधानी.

मग लॅपटॉपनं पुढचं गणित केलं आणि त्यात कारखाना दिवाळी बघत नव्हता. मालक समोर शेंगा सोलत होते, मधूनच चार दाणे मला देत होते. त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मेहुण्याला बाहेर नेलं आणि ते "तयारी ठेवा" म्हणालो.

मेहुणा पांढरा पडला. "म्हंजे... किती दिवस?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण सवय! वॉर्डातलं पुढचं वाक्य आपोआप तोंडातून गेलं. "सांगता येत नाही. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

त्यानं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर गेटशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. लांबच्या दोन आत्या आल्या होत्या. शेजारच्या कारखान्याचा मालक पिठलं-भाताचा डबा घेऊन उभा होता, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मालक भांबावून विचारत होते, "अहो, पण गेलं कोण?" आणि कुणी धड उत्तर देईना. शेवटी एक आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तुझा कारखाना रे, बाळा."

इथवर हसण्यासारखं होतं. पण निम्मे माग बंद होते. विणकर शेजारच्या गेटवर काम विचारत उभे होते. सूत घेऊन निघालेला टेम्पो कोपऱ्यावरच थांबला होता. सुताच्या व्यापाऱ्यानं ड्रायव्हरला सांगितलं होतं, आधी आत काय चाललंय बघ, मग उतरव. शेवटची खेप अजून शिवून व्हायची होती आणि शिवायला टॉवेल कुठून येणार? बरा-वाईट कसा का असेना, कारखाना काल जिवंत होता. आज तो माझ्या दोन वाक्यांनी खरोखरच आचके देऊ लागला होता. मालकांनी माझ्याकडं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सरांना फोन लावला. सर रिक्षातून आले. एका डोळ्याला हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, एका बाजूनं काकूंनी धरलेलं. सर मला एरवी 'अरे-तुरे' करायचे. रागावले की 'अहो' म्हणायचे.

"अहो डॉक्टर," सर म्हणाले.

मी पुढं झालो.

"पेशंटला हात लावला होतात का?"

"सर, आकडे असं सांगतात..."

"हात."

"नाही."

"कुठल्या संडासात गेला होतात?"

मी केबिनकडं बोट केलं. मग आठवलं की त्यांना नीट दिसत नाही, म्हणून तोंडानंही सांगितलं.

"तिथं काय दिसलं?"

"आरसा," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

सर मालकांकडं वळले. "आधी संडास दाखवा. बायांचा. आणि जरा लवकर, तपासून झाला की मलाही कुठंतरी जायचंय."

मालक घुटमळले. मेहुणा किल्ली शोधायला पळाला. किल्ली सापडेना तेव्हाच सरांनी मान हलवली. कुलूप निघालं, दार उघडलं, तर आत जमिनीपासून छतापर्यंत सुताची पोती. गेल्या पावसाळ्यात गोदाम गळायला लागलं म्हणून ठेवलेली.

"तात्पुरती ठेवलीत, सर," मालक म्हणाले.

सरांनी आंधळ्यासारखा हात पुढं करून पोतं चाचपलं आणि शिलाई विभागात गेले. बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत होतं, वर पत्रा तापलेला. सर अक्काच्या मशीनशेजारी स्टुलावर बसले.

"अक्का, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग सरांच्या पांढऱ्या केसांकडं. "पानी पिऊन जायाचं कुटं, डाक्टरसायेब?"

"जीभ दाखवा."

अक्कानं जीभ काढली. मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. सगळ्या रांगेनं जिभा काढायला लागल्या आणि हसायला लागल्या. सर एका उघड्या डोळ्यानं वाकून वाकून बघत गेले. एकीचीही ओली नव्हती.

"दुपारी डोकं चढतं?"

"चढतंय की. डोळ्यांफुडं सुई नाचती."

सर मला म्हणाले, "तुमचा आलेख बरोबर आहे हो. बाया सकाळी घरून निघतात, संध्याकाळी घरी जातात, मधे पाणी पीत नाहीत. दुपारी तुमची रेघ खाली येते. तुम्ही तिला काय नाव दिलंत?"

"कामात मन नाही," मी पुटपुटलो.

"मन आहे. लघवीला जागा नाही."

मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याला केबिनला लागून संडास होता, एवढंच.

तासाभरात पोती निघाली. ठेवायची कुठं? सर म्हणाले, "केबिन मोठी आहे." एसीखाली सूत गेलं आणि मालक गेटजवळ खुर्ची टाकून बसले. संडास धुतला, आतून कडी बसवली, मशीनांजवळ माठ आले. सरांची स्वतःची सोय मात्र, केबिनची वाट पोत्यांनी अडल्यामुळं, शेवटी शेजारच्या कारखान्यात करावी लागली, पिठलं-भातवाल्याकडं.

पण अफवा तशीच होती. टेम्पो कोपऱ्यावरून हलेना. मेहुणा म्हणाला, "सर, आपण सगळ्यांना सांगू की कारखाना बंद होत न्हाई."

"मुळीच नाही. पेशंट ठणठणीत आहे असं ओरडून सांगितलं की लोक फुलं आणायला जातात." सरांनी चष्मा सारखा केला. "मरणाऱ्याला कुणी नवा सदरा शिवत नाही. गेट रंगवा."

"रंगारी बोलावतो," मालक उठले.

"कशाला? मेला म्हणून ज्यांनी सांगितलं, तेच रंगवतील. बूट काढा, डॉक्टर. आणि हे बघा, कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. ब्रश दाखवायचा."

मेहुण्यानं कुठूनसा पोपटी रंग आणला. मी शिडीवर चढलो. कोट काढायला विसरलो होतो. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा. टेम्पोचा ड्रायव्हर आला, बराच वेळ वर बघत उभा राहिला. "रंगवताय व्हय?" मी ब्रश दाखवला. "म्हंजे चालू ऱ्हानार?" मी पुन्हा ब्रश दाखवला. तो डोकं खाजवत गेला आणि थोड्या वेळानं टेम्पो माझ्या शिडीला घासून आत शिरला. विणकर एकेक करून परतले. आत्या मात्र डबा संपवूनच गेल्या.

ती खेप गेली आणि परत आली नाही. सर आता थकलेत, कारखान्यांत जात नाहीत. मी जातो. चपला घालून जातो आणि पहिलं वाक्य त्यांचंच म्हणतो. मालकांचे चेहरे अजून तसेच पडतात.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच. ऊन उतरता उतरता गेटशी एक रिक्षा थांबली आणि तीतून आमचे आबा उतरले. पांढरी टोपी, काखेत पिशवी. सरांच्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढला होता. माझं हाफिस बघायलाच आले होते. मी शिडीवर, पाठमोरा, केसांपासून कोटापर्यंत पोपटी. अक्का माठातलं पाणी तांब्यानं पीत दाराशी उभी होती. आबांनी तिलाच विचारलं.

"बाई, हितं आमचा पोरगा डाक्टर हाय म्हनं. कारखान्याचा डाक्टर. कुटं भेटंल?"

"डाक्टर व्हय? त्ये आत बसल्यात की, काळा चष्मा लावून. पर त्ये म्हातारं हायत, तुमचं पोरगं न्हवं."

मी हाक मारणार होतो, पण तोंड उघडायला बंदी होती. आबांनी वर बघितलं. बघतच राहिले. कोटाचे पैसे त्यांनीच दिलेले, ओळखला असणार.

"आन् ह्यो शिडीवर कोन हाय?"

"ह्यो? रंगारी हाय," अक्का तांब्या पालथा घालत म्हणाली. "हात बरा हाय की त्येचा. फकस्त त्येला काय इचारू नका, बाबा. त्यो बोलला की लोकं पिठलं-भाताचं डबं घिऊन येत्यात."